ऋणकोच्या पायरीवरून पंचांच्या सतरंजीवर

पेरणीच्या दिवसांत एखाद्या शेतकऱ्याच्या घरचें बियाणें संपलें, म्हणजे तो शेजाऱ्याच्या पायरीशीं जाऊन उभा राहतो. आंतून बोलावणें येईपर्यंत त्यास थांबावें लागतें. पुढें कष्टानें व काटकसरीनें त्याच मनुष्याचें घर वर आलें, तर गांव त्यास पंचांच्या सतरंजीवर बसावयास बोलावितें. त्या दिवसापासून गांवाची दृष्टि एकाच गोष्टीवर असते: आतां पायरीशीं जो दुसरा कोणी उभा आहे, त्याच्याशीं हा कसा वागतो?

राष्ट्रांच्या व्यवहारांतहि असेंच घडतें. आपल्या देशानें गेल्या ऐंशी वर्षांत जगाच्या अर्थव्यवहारांत पायरीपासून सतरंजीपर्यंतचा प्रवास केला आहे. 'उदयोन्मुख सत्ता', 'जागतिक नेतृत्व' हे शब्द आमचे विद्यार्थी वर्तमानपत्रांत वारंवार वाचतात. परंतु ते शब्द कोणत्या आधारावर उभे आहेत, हें न पाहतां ते वापरणें म्हणजे रीत न समजतां गणिताचें उत्तर लिहिण्यासारखें आहे. म्हणून या लेखांत तो प्रवास क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. आर्थिक सहकार्याची गरज

प्रत्येक देशाचें नाणें निराळें असतें. परदेशांतून खनिज तेल, यंत्रें किंवा खतें आणावयाचीं, तर बहुधा डॉलर मोजावे लागतात. ते डॉलर माल विकून मिळवावे, परदेशीं काम करणाऱ्या बांधवांनीं घरीं धाडावे, परकीयांनीं भांडवल म्हणून येथें गुंतवावे, अथवा कर्जाऊ घ्यावे. एखाद्या वर्षीं पीक बुडालें, तेल महागलें किंवा युद्ध पेटलें, म्हणजे देशाची गंगाजळी आटूं लागते. अशा वेळीं त्यास कोणीं हात दिला नाहीं, तर तो आयात तोडतो. एकाची आयात तुटली म्हणजे दुसऱ्याची निर्यात तुटते. आणि एका घरची आग सर्व आळींत पसरते.

१९२९ नंतरच्या मंदींत जगानें हा अनुभव घेतला. प्रत्येक देशानें जकातीच्या भिंती उंच केल्या, अनेकांनीं आपलें नाणें मुद्दाम स्वस्त केलें, आणि शेजाऱ्यास बुडवून आपण तरूं असें मानणारे सर्वच अधिक खोल गेले. तेव्हां सहकार्य ही केवळ परोपकाराची गोष्ट नाहीं. तो शहाणपणाचा हिशेब आहे, हें विद्यार्थ्यांनीं प्रथम ध्यानांत ठेवावें.

२. ब्रेटन वुड्स, १९४४

दुसरें महायुद्ध चालू असतांनाच, १९४४ च्या जुलै महिन्यांत, अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर राज्याच्या ब्रेटन वुड्स या डोंगराळ ठिकाणीं ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले. त्यांनीं दोन संस्थांचा पाया घातला. पहिली आंतरराष्ट्रीय नाणेनिधि. अडचणींत सांपडलेल्या देशास थोड्या मुदतीसाठीं परकीय चलन पुरविणें हें तिचें काम. दुसरी जागतिक बँक. पुनर्रचनेसाठीं व विकासासाठीं दीर्घ मुदतीचें कर्ज देणें हें तिचें काम.

हिंदुस्थान तेव्हां परतंत्र होता. आपल्या शिष्टमंडळाचे प्रमुख सर जेरेमी रेझमन हे व्हाइसरॉयच्या कारभारी मंडळांतील इंग्रज अर्थसभासद होते. परंतु त्यांच्या समवेत हिंदी प्रतिनिधीहि होते. त्यांपैकीं चिंतामणराव देशमुख, सर षण्मुखम् चेट्टी आणि श्री. ए. डी. श्रॉफ यांचीं नांवें लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत. चिंतामणरावांचा जन्म महाडजवळच्या नाते या गांवचा. १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर होण्याचा मान त्यांस मिळाला होता.

या प्रतिनिधींनीं तेथें मुख्यतः दोन गोष्टी मांडल्या. युद्धासाठीं ब्रिटननें हिंदुस्थानांतून माल व सेवा उचलल्या होत्या; त्यांची किंमत स्टर्लिंगच्या रूपानें लंडनमध्यें सांठत गेली होती. युद्ध संपेपर्यंत ही रक्कम शंभर कोटी पौंडांच्या पलीकडे गेली. म्हणजे ज्या काळांत आपण गुलाम होतों, त्याच काळांत कागदोपत्रीं धनको होतों! या येण्याचा कांहीं भाग तरी नाणेनिधीच्या द्वारें वापरतां येईल अशा चलनांत मिळावा, अशी मागणी आपल्या लोकांनीं केली. ब्रिटनच्या वतीनें केन्स यांनीं ती मान्य केली नाहीं. हा प्रश्न उभय देशांनीं आपसांत मिटवावा, असें ठरलें.

दुसरी गोष्ट अधिक दूरदर्शीपणाची होती. युद्धानें मोडलेलीं यूरोपीय शहरें पुन्हां बांधावयाचीं, हें ठीकच. परंतु ज्या देशांत अद्याप कांहीं बांधलेंच गेलें नाहीं, त्यांच्या विकासाचा उल्लेख नव्या संस्थेच्या उद्दिष्टांत स्पष्ट असावा, असा आग्रह हिंदी प्रतिनिधींनीं धरला. मागासलेल्या देशांचा निराळा उल्लेख झाला नाहीं. तथापि 'सर्व सभासदांच्या' उत्पादक साधनांचा विकास हे शब्द नाणेनिधीच्या उद्दिष्टांत आहेत. नाणेनिधींत आपला वांटा ४० कोटी डॉलर ठरला. अमेरिका, ब्रिटन, रशिया, चीन व फ्रान्स यांच्यामागें आपला सहावा क्रमांक होता. रशिया सभासदच झाला नाहीं, त्यामुळें आपण पहिल्या पांचांत गेलों. स्वातंत्र्य येण्यापूर्वींच सतरंजीच्या एका कोपऱ्यावर आपल्यास जागा मिळाली होती. मात्र पुढील पन्नास वर्षें त्या जागेवर बसून आपण बहुधा मागतच राहिलों.

३. ऋणकोचीं वर्षें

१९४९ च्या ऑगस्ट महिन्यांत भारतानें जागतिक बँकेकडून पहिलें कर्ज घेतलें. तें ३ कोटी ४० लक्ष डॉलरांचें असून युद्धकाळांत झिजलेल्या रेल्वेच्या सुधारणेसाठीं होतें. १९५८ सालीं परकीय चलनाची तंगी आली, तेव्हां जागतिक बँकेनें भारतास साहाय्य देणाऱ्या राष्ट्रांचा एक गटच बोलाविला. धरणें, पोलादाचे कारखाने, विजेचीं केंद्रें यांसाठीं परदेशांचें धन व परदेशांचें कसब आपण घेतलें. याची लाज बाळगण्याचें कारण नाहीं; बियाण्यासाठीं काढलेलें कर्ज शेतांतच पेरलें, तर तें वांझ ठरत नाहीं.

परंतु पोटासाठीं हात पसरणें निराळें. १९६५ व १९६६ या लागोपाठच्या वर्षीं पावसानें दगा दिला. १९६६ सालीं सुमारें एक कोटी टन धान्य बाहेरून आणावें लागलें. त्यांतील मोठा भाग अमेरिकेंतून आलेल्या गव्हाचा होता. जहाज बंदरास लागावें आणि त्यांतील गहूं तसाच शिधावाटपाच्या दुकानीं जावा, अशी स्थिति होती. त्या वेळच्या अमेरिकी अध्यक्षांनीं गव्हाच्या सवलती थोड्या थोड्या मुदतीनें देण्याचें धोरण ठेविलें. पुढचें जहाज सुटेल कीं नाहीं, याची चिंता दिल्लीस लागून राहात असे. त्याच वर्षीं ६ जून रोजीं रुपयाचें अवमूल्यन होऊन, डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांवर गेला. अन्नाच्या बाबतींत स्वावलंबी व्हावयाचें, हा निश्चय राष्ट्रानें त्या अपमानाच्या दिवसांत केला, आणि हरितक्रांतीच्या द्वारें तो बऱ्याच अंशीं पार पाडिला.

याच काळांत दुसरा एक धागा विणला जात होता. १९६४ सालीं जिनीव्हा येथें भरलेल्या व्यापार व विकास परिषदेंत ७७ विकसनशील देशांनीं आपला गट स्थापिला. भारत त्यांत आरंभापासून होता. त्या परिषदेचें दुसरें अधिवेशन १९६८ सालीं नव्या दिल्लींत भरलें. गरीब देशांच्या मालास श्रीमंत देशांत जकातीची सवलत मिळावी, हें त्यांचें मुख्य मागणें होतें. खिशांत पैसा नसतांनाहि दहा जणांचें गाऱ्हाणें नीट मांडतां येतें, हें आपण तेथें शिकलों.

४. तारण ठेविलेलें सोनें आणि विकत घेतलेलें सोनें

१९९१ सालच्या उन्हाळ्यांत देशाची गंगाजळी इतकी आटली कीं, कांहीं आठवड्यांच्या आयातीपुरतेंच परकीय चलन उरलें. आखातांतील युद्धानें तेल महागलें होतें, तेथील आपल्या बांधवांकडून येणारा पैसा घटला होता, आणि मागील वर्षांच्या उधळपट्टीचें कर्ज माथ्यावर होतें. तेव्हां जुलै महिन्यांत रिझर्व्ह बँकेनें जवळजवळ ४७ टन सोनें परदेशीं धाडून, बँक ऑफ इंग्लंड व बँक ऑफ जपान यांच्याकडून सुमारें ४० कोटी डॉलर उभे केले. मुंबईहून विमानानें सोनें रवाना झाल्याची वार्ता ऐकून घरोघरीं लोकांस जें वाटलें, तें सांगावयास नको. ज्या घरांत स्त्रीधन कधीं तरी सावकाराकडे गेलें आहे, त्या घरास हें दुःख ठाऊक आहे.

त्याच महिन्यांत आर्थिक धोरणांत मोठा पालट झाला. उद्योगांवरील परवान्यांचीं बंधनें पुष्कळशीं उठलीं, जकाती उतरणीस लागल्या, परकीय भांडवलास वाट मिळाली. त्या धोरणाच्या सर्व बऱ्यावाइटाची चर्चा येथें करण्यास जागा नाहीं. एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. २००९ च्या नोव्हेंबरांत असें जाहीर झालें कीं, नाणेनिधीनें विकावयास काढलेल्या सोन्यापैकीं २०० टन सोनें सुमारें ६७० कोटी डॉलर देऊन भारताच्या रिझर्व्ह बँकेनें विकत घेतलें. अठरा वर्षांपूर्वीं सोनें गहाण टाकून पैसा उभा करणारा देश, आतां त्याच कर्ज देणाऱ्या संस्थेचें सोनें रोख देऊन घेत होता. आमच्या मतें पायरी व सतरंजी यांमधील उंबरठा याच अठरा वर्षांत ओलांडला गेला.

५. नव्या बैठका

दरम्यान जगाच्या पंचायतीचें स्वरूपहि बदलत होतें. २००८ सालीं अमेरिकेंतील पेढ्या कोसळल्या, तेव्हां सात श्रीमंत राष्ट्रांस ती आग एकट्यानें विझविणें शक्य नव्हतें. १९९९ पासून अर्थमंत्र्यांपुरता असलेला वीस सभासदांचा गट, म्हणजे जी-२०, नोव्हेंबर २००८ मध्यें वॉशिंग्टन येथें प्रथमच राष्ट्रप्रमुखांच्या पातळीवर भरला. भारत, चीन, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया हे देश त्या बैठकींत समान आसनावर होते.

जुन्या संस्थांत मात्र मतांचें वजन हळूहळू हलतें. म्हणून ब्राझील, रशिया, भारत, चीन व दक्षिण आफ्रिका या पांच देशांनीं स्वतःची बँक काढण्याचें ठरविलें. २०१२ च्या दिल्ली परिषदेंत या कल्पनेची चर्चा झाली, २०१४ सालीं ब्राझीलमधील फोर्तालेझा येथें करार झाला, आणि पुढील वर्षीं शांघाय येथें बँक सुरू झाली. तिचे पहिले अध्यक्ष श्री. के. व्ही. कामत हे भारतीय होते. पांचांनीं आरंभीं सारखेंच, म्हणजे प्रत्येकीं १००० कोटी डॉलर भांडवल देण्याचें मान्य केलें, आणि मतेंहि सारखींच ठेविलीं. ज्याची थैली मोठी त्याचा आवाज मोठा, या ब्रेटन वुड्सच्या नियमास हें एक उत्तर होतें.

६. दिल्ली, २०२३

१ डिसेंबर २०२२ पासून एक वर्ष जी-२० चें अध्यक्षपद भारताकडे होतें. सुमारें ६० शहरांत २०० हून अधिक बैठका झाल्या; मुंबई, पुणें, नागपूर, औरंगाबाद व गोवा येथेंहि पाहुणे येऊन गेले. रंगविलेल्या भिंती व विजेच्या माळा यांचें वर्णन वर्तमानपत्रांनीं पुरेसें केलें आहे. आम्हांस त्या वर्षांतील दोन गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात.

पहिली अशी. अध्यक्षपदाच्या आरंभीं, १२ व १३ जानेवारी २०२३ रोजीं, भारतानें जी-२० मध्यें ज्यांस आसन नाहीं अशा देशांसह १२५ देशांस दूरध्वनिचित्राच्या योगें एकत्र आणून, 'तुमच्या अडचणी कोणत्या?' असें विचारलें. कर्ज, खतें, धान्य, इंधन, हीच उत्तरें पुनःपुन्हां आलीं. पंचानें बैठकीस जाण्यापूर्वीं गांवांतून फेरी मारावी, तसाच हा प्रकार होता.

दुसरी गोष्ट ९ सप्टेंबरची. त्या दिवशीं नव्या दिल्लींतील भारत मंडपमांत आफ्रिकी संघास जी-२० चें कायमचें सभासदत्व देण्यांत आलें. त्या संघांत ५५ देश आहेत. पूर्वीं त्या सर्व खंडांतून दक्षिण आफ्रिका हा एकच देश सभासद होता. संघाचे त्या वेळचे अध्यक्ष कोमोरोस या लहानशा द्वीपराष्ट्राचे राष्ट्रप्रमुख होते. दहा लक्षांहून कमी वस्तीच्या त्या देशाचा मनुष्य आपल्या खंडाच्या वतीनें आसनावर बसला. युक्रेनमधील युद्धामुळें सभासदांत तीव्र मतभेद असतांनाहि, त्याच दिवशीं संयुक्त घोषणापत्र एकमतानें मान्य झालें.

७. शेजाऱ्याची पायरी

नेतृत्वाची कसोटी मंडपापेक्षां अडल्या वेळीं अधिक चांगली लागते. २०२२ सालीं श्रीलंकेची गंगाजळी संपली. पेट्रोलसाठीं दिवसचे दिवस रांगा लागल्या, औषधें मिळेनाशीं झालीं, आणि एप्रिल महिन्यांत त्या देशानें परदेशी कर्जाची फेड थांबविल्याचें जाहीर केलें. १९९१ मध्यें आपण ज्या कड्याच्या टोकाशीं उभे होतों, त्याच कड्यावरून श्रीलंका खालीं कोसळली. त्या वर्षीं भारतानें इंधन, अन्न, औषधें व चलन यांच्या रूपानें सुमारें ४०० कोटी डॉलरांचें साहाय्य केलें.

याहूनहि महत्त्वाची गोष्ट पुढें घडली. धनकोंनीं कर्जाच्या फेररचनेची हमी दिल्यावांचून नाणेनिधि पैसा देत नाहीं. आणि 'आधीं दुसऱ्यानें हमी द्यावी' म्हणून प्रत्येक धनको थांबून राहतो. जानेवारी २०२३ मध्यें भारतानें ही हमी सर्वांच्या आधीं दिली. मार्चमध्यें नाणेनिधीचें सुमारें ३०० कोटी डॉलरांचें कर्ज मंजूर झालें. पुढें धनको राष्ट्रांची जी समिति बसली, तिचें अध्यक्षपद फ्रान्स व जपान यांच्या जोडीनें भारतानें सांभाळलें, आणि जून २०२४ मध्यें करार झाला. ज्याचें जळतें त्यास कळतें, ही म्हण येथें सार्थ झाली.

८. दुसरी बाजू

येथेंच लेख संपविला, तर तो स्तुतिपाठ होईल; अभ्यास होणार नाहीं. २० जुलै २०२३ रोजीं, म्हणजे दिल्लीच्या परिषदेपूर्वीं दोन महिनेहि राहिले नसतांना, भारतानें बासमतीखेरीज इतर पांढऱ्या तांदुळाच्या निर्यातीवर बंदी घातली. जगाच्या तांदुळाच्या व्यापारांतील सुमारें चाळीस टक्के माल आपला असतो. ऑगस्ट महिन्यांत जगांतील तांदुळाचे भाव पंधरा वर्षांत नव्हते इतके चढले, आणि त्याचा ताप आफ्रिकेंतील ज्या देशांस आपण आसन दिलें, त्यांतीलच कित्येकांस झाला. ही बंदी सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस उठली. २०२१ सालीं लसीच्या बाबतींतहि असेंच झालें. जानेवारींत आपण भूतान, मालदीव वगैरे देशांस लस धाडूं लागलों. पुण्यांत तयार होणाऱ्या लशीवर कित्येक गरीब देशांची भिस्त होती. वसंत ऋतूंत देशांत साथीची दुसरी लाट उसळली आणि निर्यात थांबली; ती वर्षाच्या अखेरीस पुन्हां सुरू झाली.

आम्ही यास दोष म्हणूं इच्छीत नाहीं. ज्या घरांत ऐंशी कोटी माणसांस सरकारी धान्य पुरवावें लागतें, त्या घराचा कर्ता आधीं आपल्या कोठाराकडे पाहील. २०२३ सालीं आपलें दरडोई वार्षिक उत्पन्न सुमारें अडीच हजार डॉलर होतें. पंचांच्या सतरंजीवरील बहुतेकांहून आपण अजूनहि गरीब आहोंत. पण १९६६ सालीं गव्हाच्या जहाजाची वाट पाहणारे आपण होतों, हें जो विसरणार नाहीं, तो बंदी घालतांना शेजाऱ्यास आधीं सूचना देईल, आणि अगदीं अडलेल्यासाठीं कांहीं वांटा राखून ठेवील. कांहीं देशांस त्यांच्या विनंतीवरून तांदूळ देण्यांत आला, हें येथें नमूद केलें पाहिजे.

दुसरी उणीव आपल्या हातची नाहीं. जगांतील दर सहा माणसांत एकाहून अधिक भारतीय आहे. तरी नाणेनिधींत आपलें मत २.६३ टक्के आहे. अमेरिकेचें सुमारें साडेसोळा टक्के असून, मोठ्या निर्णयांस ८५ टक्के मतें लागतात; म्हणजे तिच्या एकटीच्या नकारानें निर्णय अडतो. डिसेंबर २०२३ मध्यें सर्वांचे वांटे वाढविण्याचा ठराव झाला, परंतु ते सारख्याच प्रमाणांत वाढविल्यामुळें वजन होतें तेथेंच राहिलें. १९४४ सालचें गाऱ्हाणें नव्या वेषांत आजहि उभें आहे.

९. उपसंहार

या सर्व इतिहासावरून आम्हांस एकच गोष्ट दिसते. एखादें राष्ट्र केवळ श्रीमंत झालें म्हणजे पुढारी होत नाहीं. आपण पायरीशीं उभे असतांना जें मागितलें, तें सतरंजीवर बसल्यावर दुसऱ्यास देण्याची तयारी, हीच पुढारीपणाची खूण आहे. श्रीलंकेच्या वेळीं ती दिसली. तांदुळाच्या वेळीं ती कमी पडली. पुढील दुष्काळ, पुढील साथ, पुढील युद्ध कधीं येईल हें कोणास सांगतां येत नाहीं. परंतु त्या वेळीं दिल्लींतील व मुंबईंतील कचेऱ्यांत जे बसलेले असतील, ते आज कोणत्या तरी शाळेंत बसलेले आहेत. त्यांनीं ४७ टन सोन्याचें तें विमान ध्यानांत ठेविलें, तर पायरीशीं उभ्या राहिलेल्या शेजाऱ्यास फार वेळ थांबावें लागणार नाहीं.

विचारासाठीं प्रश्न

(१) १९२९ नंतरच्या मंदींत प्रत्येक देशानें स्वतःपुरतें पाहिल्यामुळें सर्वांचें नुकसान कसें झालें?
(२) ब्रेटन वुड्स येथें हिंदी प्रतिनिधींनीं कोणत्या दोन गोष्टी मांडल्या, व त्यांचें फळ काय झालें?
(३) बियाण्यासाठीं कर्ज आणि पोटासाठीं कर्ज यांतील भेद देशाच्या इतिहासांतील उदाहरणें देऊन स्पष्ट करा.
(४) निर्यातबंदी घालणारा देश एकाच वेळीं कर्तव्यदक्ष व कठोर कसा ठरूं शकतो? आपलें मत सकारण लिहा.